बावड्यातून मंडपापर्यंत, पायी

लग्नाचा तिसरा वाढदिवस. माझा प्लॅन गाडी काढून पन्हाळ्याला जायचा होता. आदल्या रात्री ही म्हणाली, "गाडी नको रे. पुण्यात रोज क्लच दाबतोसच की. इथं चालूया." मी कसबा बावड्याचा, पण आयुष्यात कधी बावड्यातून भवानी मंडपापर्यंत चालत गेलो नव्हतो. आधी सायकल, मग केएमटी, मग बाईक. म्हटलं, होऊन जाऊ दे.

सुरुवात लक्ष्मी विलास पॅलेसपासून केली. 26 जून 1874 ला शाहू महाराजांचा जन्म इथं झाला. तेव्हा ते कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. त्याच वर्षी मेजर मँटनं आखलेला नवा राजवाडाही पूर्ण झाला. तिथं पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. आत म्युझियम वगैरे आहे, पण ते आधी बघून झालेलं, त्यामुळे पुढे निघालो.

सीपीआर, टाऊन हॉल मागे टाकून भाऊसिंगजी रोडला लागलो आणि मला गंगाराम कांबळेंची गोष्ट आठवली. शाळेत ऐकली होती, तेव्हा नुसतीच 'गोष्ट' वाटली होती.

गंगाराम राजवाड्याच्या पागेत कामाला होते. मराठ्यांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं. महाराजांना कळलं तेव्हा मारणाऱ्यांना शिक्षा झालीच, पण महाराजांनी गंगारामांना सांगितलं, नोकरी सोड, स्वतःचा धंदा काढ. वर मदतही केली. गंगारामांनी याच भाऊसिंगजी रोडला हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक'. आता दलिताच्या हॉटेलात त्या काळी चहा प्यायला कोण येणार? मग महाराज स्वतः आपला खडखडा (त्यांची घोडागाडी) हॉटेलासमोर भर रस्त्यात थांबवायचे, चहा मागवायचे, सगळ्यांदेखत प्यायचे. सोबतच्या मंडळींनाही पाजायचे. राजानंच घेतला म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

1919 मध्ये संस्थानात अस्पृश्यता पाळण्याविरुद्ध हुकूम निघाले. शाळा, दवाखाने, पाणवठे सगळ्यांना खुले झाले. त्याच वर्षी आंतरजातीय लग्नाला मान्यता देणारा कायदाही आला. आमच्या भाषेत सांगायचं तर हुकूम म्हणजे स्पेसिफिकेशन. ते चालतं की नाही हे कळतं टेस्टिंगला, आणि महाराज टेस्टिंग स्वतः करायचे. चहाचं तसंच लग्नाचं. कागलच्या घाटगे घराण्यातली, म्हणजे नात्यातलीच मुलगी त्यांनी इंदूरच्या होळकरांकडे द्यायची ठरवली. मराठा आणि धनगर. लग्न झालं 1924 ला. ते बघायला महाराज नव्हते, 6 मे 1922 ला ते गेले होते.

हे सगळं हिला सांगत होतो आणि मधेच थांबलो. कारण आमचंही लग्न तसलंच. रजिस्टर, दोन साक्षीदार, दहा मिनिटं. कायद्याची काही अडचण आली नाही. पण हिचे बाबा तीन वर्षांत आमच्या घरी दोनदा आले, दोन्ही वेळा दारातूनच परत गेले. "चहा नको, आत्ताच घेतला." दोन्ही वेळा हेच वाक्य. पहिल्यांदा आईनं चहा खरंच टाकला होता.

शंभर वर्षं झाली की हो त्या खडखड्याला.

रस्त्याकडेच्या एका गाड्यावर थांबलो. दोन चहा सांगितले. हिनं बाबांना फोन लावला. रिंग पूर्ण वाजली, उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला. "बाबा, भाऊसिंगजी रोडला आहे. चालत आलोय बावड्यातून. चहा पितोय. येता?"

पलीकडून काय म्हणाले मला ऐकू आलं नाही. ही म्हणाली, "गाडीत बसून विचार करतो म्हणाले."

नाही आले. पण 'आत्ताच घेतला' असंही म्हणाले नाहीत. पुढे मंडपात जाऊन अंबाबाईचं दर्शन घेतलं, रंकाळ्यावर भेळ खाल्ली आणि केएमटीनं घरी आलो. पाय अजून दुखतायत.