सन इहिदे सितैन

रमजान ईद दरवर्षी अलीकडे का सरकते आणि मकरसंक्रांत जागच्या जागी का राहते, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे. हिजरी वर्ष चंद्राचं. बारा चांद्रमहिन्यांचे दिवस होतात ३५४, म्हणजे सौर वर्षापेक्षा ११ कमी. आपल्या पंचांगात ही तूट अधिक महिना घालून भरून काढतात. हिजरीत तसं करत नाहीत. म्हणून ईद सगळ्या ऋतूंतून फिरते आणि साधारण ३३ वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येते.

सणाला हे फिरणं शोभतं, शेतसाऱ्याला परवडत नाही. ज्वारी काही चंद्र बघून पिकत नाही. वसुलीचा दिवस दरवर्षी असा अलीकडे येत गेला, तर पीक शेतात उभं असतानाच सारा मागायची पाळी येणार. यावर तोड निघाली ती शुहूर सनाची. हिजरी ७४५, म्हणजे इ. स. १३४४ पासून, महंमद तुघलकाच्या काळात तो सुरू झाला, असं अभ्यासक मानतात. आकडा हिजरीचा घेतला, पण वर्ष सूर्याचं ठेवलं. या वर्षाचा पहिला दिवस कोणता? तर सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तो. शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो, तोच. म्हणून त्याला मृगसाल असंही म्हणत.

बी. ए.ला असताना सरांनी एकदा मोडी पत्रातला सन फळ्यावर बाळबोधीत लिहिला : 'इहिदे सितैन मया व अलफ'. वर्गाला काहीच उमगेना. सर माझ्याकडे वळले. म्हणाले, "लहानपणी मौलवींकडे अंक शिकला असशील ना? मोज बघू."

उच्चार थोडे बदलले होते, पण ओळखीचे होते. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१.

"पत्र जानेवारीतलं आहे, सहाशे मिळव. जून ते डिसेंबरमधलं असतं, तर ५९९ मिळवायचे."

१७६१. पानिपतचं साल! वर्गात एकदम शांतता पसरली. मी खाली बसलो, तेव्हा कान गरम झाले होते.

शिवाजी महाराजांनी १६७४मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला. तरी पुढे पेशव्यांच्या दफ्तरात शुहूर सन चालूच राहिला. मराठी कारकून बोरूनं, मोडीत, हे अरबी आकडे रोज लिहीत होते.

गेली तीस वर्षं कविसंमेलनांत मला कौतुकानं विचारतात, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" मी हसतो. मनात मात्र ते कारकून येतात. त्यांना कुणी विचारलं असेल का, "तुमचं अरबी इतकं चांगलं कसं?"