'डेमॉनिक रिझरेक्शन' : मुंबईच्या मेटल वाद्यवृंदाचा दुसरा अल्बम

मुंबईतील 'डेमॉनिक रिझरेक्शन' या हेवी मेटल वाद्यवृंदाचा 'अ डार्कनेस डिसेंड्स' हा दुसरा अल्बम २००५ साली प्रसिद्ध झाला. चित्रपटसंगीताचे वर्चस्व असलेल्या देशात, मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या पाठबळाविना टाकलेले हे पाऊल भारतीय मेटल संगीताच्या वाटचालीत महत्त्वाचे मानले जाते.

संगीतप्रकाराचा उगम

हेवी मेटलचा आरंभ ब्रिटनमधील बर्मिंगहॅम या औद्योगिक शहरातील 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदापासून झाला, असे सामान्यतः समजले जाते. त्याचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात तुटली होती. दुखऱ्या बोटांना सोयीचे व्हावे म्हणून त्यांनी हलक्या तारा वापरल्या व पुढे त्या सैल लावल्या. त्यातून या संगीताचा ओळखीचा जड, खर्जातला नाद घडत गेला. १९७० साली प्रकाशित झालेला 'पॅरानॉइड' हा त्यांचाही दुसराच अल्बम होता आणि तो ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर पोहोचला.

स्थापना

साहिल माखिजा यांनी २००० साली मुंबईत 'डेमॉनिक रिझरेक्शन'ची स्थापना केली. ते गायक व गिटारवादक असून 'डेमनस्टीलर' या टोपणनावाने ओळखले जातात. हेच नाव वाद्यवृंदाच्या पहिल्या अल्बमलाही देण्यात आले. अशा संगीतासाठी प्रकाशक मिळणे कठीण असल्याने माखिजा यांनी स्वतःचीच ध्वनिमुद्रिका संस्था काढली. पुढे या संस्थेने इतर भारतीय वाद्यवृंदांनाही आधार दिला.

दुसरा अल्बम

'अ डार्कनेस डिसेंड्स'मध्ये घोगरा, गर्जनेसारखा स्वर, अतिवेगवान ढोलवादन आणि कीबोर्डवरील भव्य स्वरमेळ यांचा संयोग आढळतो. गीते इंग्रजी आहेत. एका कल्पनारम्य कथामालिकेचा हा पहिला भाग होता. २००७ मधील 'बियाँड द डार्कनेस' आणि २०१० मधील 'द रिटर्न टू डार्कनेस' यांनी ती मालिका पूर्ण झाली.

मंचाचा प्रश्न

ध्वनिमुद्रण स्वबळावर करता आले, तरी कार्यक्रमासाठी जागा लागतेच. १९८६ पासून भरणाऱ्या 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सवामुळे धोबी तलावाजवळील रंगभवन हे खुले नाट्यगृह मुंबईच्या रॉक रसिकांचे हक्काचे ठिकाण बनले होते. मात्र ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. रंगभवन अशाच परिसरात असल्याने तेथील मैफली थांबल्या. रुग्ण व विद्यार्थी यांच्या दृष्टीने ही तरतूद आवश्यक होती. परंतु अल्प खर्चात कला सादर करण्याचे एक ठिकाण नवोदित वादकांनी गमावले. नव्या वाद्यवृंदांना अन्य मैदाने, महाविद्यालयीन महोत्सव आणि छोटी सभागृहे यांवर अवलंबून राहावे लागले.

पुढील वाटचाल

'द रिटर्न टू डार्कनेस' ब्रिटनमधील 'कँडललाइट रेकॉर्ड्स'ने परदेशात वितरित केला. २०१० मध्येच वाद्यवृंदाने नॉर्वेतील 'इन्फर्नो' महोत्सवात हजेरी लावली आणि ब्रिटनच्या 'मेटल हॅमर' नियतकालिकाचा जागतिक मेटल विभागातील पुरस्कार पटकावला. २०१४ मध्ये 'द डेमन किंग' प्रकाशित झाला.

२०१७ च्या 'दशावतार' या अल्बममध्ये मत्स्यापासून कल्कीपर्यंत विष्णूच्या प्रत्येक अवतारावर एक अशी दहा गीते असून भारतीय वाद्यांचाही वापर करण्यात आला आहे. कोकणात रात्रभर रंगणाऱ्या दशावतारी खेळांमुळे ही कथावस्तू मराठी रसिकांना अपरिचित नाही. परदेशी सुरावटीत एतद्देशीय आशय मांडण्याचा हा प्रयत्न ज्या स्वावलंबनावर उभा राहिला, त्याचा पाया पहिल्या दोन अल्बमच्या काळातच घातला गेला होता.