डी.फार्म की बी.फार्म? फार्मसीवर केलेला खर्च वसूल होतो का?

बारावी सायन्सचा निकाल लागतो, नीटमध्ये एमबीबीएसपुरते मार्क पडत नाहीत आणि घरात फार्मसीचा विषय निघतो. "काही नाही तर मेडिकल तरी टाकता येईल," असं कोणीतरी म्हणतं. पण मेडिकल टाकायला किती शिकावं लागतं आणि त्यासाठी किती पैसे घालावेत, हा हिशोब बहुतेक घरांमध्ये प्रवेश घेतल्यानंतर होतो. तो आधी कसा करायचा, ते पाहू.

कोणता कोर्स किती वर्षांचा?

डी.फार्म दोन वर्षांचा असतो. त्यानंतर ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावं लागतं. महाराष्ट्रात याचा प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळतो. बी.फार्म चार वर्षांचा असून त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. फार्म.डी सहा वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं.

डी.फार्म झालेल्यांना बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. मात्र अशी एकूण पाच वर्षं होतात. म्हणजे डिग्री करायचीच असं आधीपासून ठरलं असेल, तर या वाटेने एक वर्ष जास्त जातं.

मेडिकल टाकायला डिग्री लागते का?

नाही. औषध दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो आणि डी.फार्म झालेल्यालाही ही नोंदणी मिळते. २०२२ च्या नियमांनुसार त्याआधी एक्झिट परीक्षा आहे. तिचे तीन पेपर असतात आणि प्रत्येकात किमान ५० टक्के गुण लागतात.

त्यामुळे स्वतःचं दुकान एवढंच ध्येय असेल, तर चार वर्षांची फी भरण्याची गरज नाही. वाचलेले पैसे दुकानाच्या कामी येतात. किरकोळ औषध विक्रीच्या परवान्यासाठी किमान १० चौरस मीटर जागा लागते. डिपॉझिट, फ्रीज, रॅक आणि पहिला माल हा खर्च वेगळाच.

"शिकून ठेव, सर्टिफिकेट भाड्याने देता येईल," असाही सल्ला मिळतो. तो ऐकू नका. फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय औषधं विकणं बेकायदा आहे. कारवाई झाली तर दुकानाच्या परवान्याबरोबर तुमची नोंदणीही धोक्यात येते.

मग बी.फार्म कशासाठी?

औषध कंपन्यांमध्ये उत्पादन, गुणवत्ता तपासणी, संशोधन किंवा नियामक कागदपत्रांचं काम करायचं असेल, तर डिग्री उपयोगी पडते. एमपीएससीमार्फत भरल्या जाणाऱ्या औषध निरीक्षक पदासाठीही डी.फार्म चालत नाही. एम.फार्मसाठी बी.फार्म लागतंच. जीपॅट पात्र विद्यार्थ्यांना एम.फार्म करताना महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो.

अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायचं असेल तर एक अट आधीच माहीत हवी. २००३ नंतर पदवी घेतलेल्या परदेशी उमेदवारांसाठी तिथे किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम लागतो. आपल्याकडची चार वर्षांची बी.फार्म त्यात बसत नाही.

खर्च कसा मोजायचा?

कऱ्हाड, अमरावती, रत्नागिरी आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय फार्मसी महाविद्यालयं आहेत. तिथली फी खासगीपेक्षा बरीच कमी असते. खासगी कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर पाहता येते. कॉलेजने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून बघा.

वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण फी सवलत आहे. पण त्यासाठी प्रवेश कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात, तर ही सवलत हातची जाते.

कर्ज काढणार असाल तर हप्ता आधी मोजा. पाच लाख रुपये, १० टक्के व्याज आणि सात वर्षांची परतफेड धरली, तर महिन्याला साधारण ८,३०० रुपये भरावे लागतात. शिकत असताना चढणारं व्याज यात धरलेलं नाही. हा आकडा पहिल्या पगाराशेजारी ठेवून बघा. तो पगार कॉलेजच्या माहितीपत्रकातून घेऊ नका, तिथून गेल्या वर्षी पास झालेल्या चार-पाच जणांना विचारा.

प्रवेशाआधी काय तपासायचं?

नव्या कॉलेजांवर फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने घातलेली बंदी सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टातही टिकली नाही. त्यानंतर राज्यात भराभर नवी कॉलेजं उघडली. त्यामुळे "सीट संपत आल्यात, आजच पैसे भरा" असं कोणी म्हणालं तरी घाई करू नका. आधी या तीन गोष्टी बघा:

- कॉलेजला आणि त्या कोर्सला फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे का? ती नसेल तर पास होऊनही नोंदणी मिळत नाही.
- प्रयोगशाळा चालू आहेत का, शिक्षक रोज येतात का?
- कॅम्पस मुलाखतीला कोणत्या कंपन्या आल्या आणि प्रत्यक्षात किती जण रुजू झाले?

थोडक्यात, दुकान टाकायचं असेल तर मान्यताप्राप्त डी.फार्म पुरेसं आहे. कंपनीत जायचं असेल किंवा स्पर्धा परीक्षा द्यायची असेल, तर शासकीय किंवा सवलतीच्या फीत मिळणारी बी.फार्म परवडते. आणि पुढे काय करायचं हेच ठरलेलं नसेल, तर निव्वळ "काहीतरी मेडिकल लाइन" म्हणून कर्ज काढून मॅनेजमेंट कोट्यात जाणं हा सर्वांत महाग पर्याय आहे.