काढून टाकलेली ओळ मॅन्युअलमध्ये का ठेवायची?

लिनक्सचं मॅन्युअल आपण बहुतेक वेळा झटपट उत्तर शोधायला उघडतो. पण संशोधनाच्या तयारीत असाल, तर ते इतिहासाचं साधन म्हणूनही वाचायला शिका. एकाच ओळीचं उदाहरण घेऊ.

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेससाठी 'प्रॉक'खाली 'मॅप्स' नावाची फाइल दिसते. मेमरीचा कुठला भाग कशासाठी वापरात आहे, हे तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं. आता एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड असू शकतात. मेमरी सगळ्यांची सामाईक, स्टॅक मात्र ज्याचा त्याचा. पूर्वी या फाइलमध्ये फक्त मुख्य थ्रेडच्या स्टॅकवर खूण असे. बाकीचे स्टॅक बिननावाचे, त्यामुळे कुठला कोणाचा ते सहज कळत नसे.

सिद्धेश पोयरेकर यांनी ही उणीव दूर करणारा बदल लिहिला. मे २०१२मध्ये आलेल्या लिनक्स ३.४मध्ये तो दाखल झाला. आता थ्रेडच्या स्टॅकसमोर 'स्टॅक' आणि त्या थ्रेडचा क्रमांक दिसू लागला.

सोय चांगली होती, पण महाग. एका स्टॅकचा मालक शोधायचा तर कर्नलला सगळ्या थ्रेडची यादी धुंडाळावी लागे. हजार थ्रेड म्हणजे हजार स्टॅक, म्हणजे दहा लाख जोड्या तपासायच्या! म्हणून योहानेस वायनर यांनी ती खूण काढली, आणि मार्च २०१६च्या लिनक्स ४.५पासून ती गेली.

मॅन्युअलमधून मात्र ती पुसली नाही. ही खूण ३.४ ते ४.४ या आवृत्त्यांत होती, ४.५मध्ये काढली, आणि थ्रेड खूप असले की ती खर्चिक पडत होती, हे सगळं तिथे नोंदवलेलं आहे. मालवणातल्या एखाद्या जमिनीचा जुना सातबारा आठवा. नाव कमी झालं तरी खोडत नसत, कंस करत, आणि फेरफार क्रमांकावरून कारण शोधता येई. तसंच हे.

याचा तुम्हाला काय उपयोग? समजा, २०१४च्या एका शोधनिबंधातली स्क्रिप्ट हीच खूण वाचते. तुमच्या नव्या मशीनवर तिला काहीच सापडत नाही. नोंद नसती तर तुम्ही लेखकाला चूक ठरवून मोकळे झाला असता. खरं तर दोघंही बरोबर आहात, फक्त कर्नल वेगळे आहेत.

म्हणून प्रयोगाच्या वहीत कर्नलची आवृत्ती आधी लिहा. मॅन्युअलमधलं वाक्य आधाराला घेताना ते कुठल्या आवृत्तीपासून कुठपर्यंत खरं आहे, हेही टिपा. आणि कारण हवं असेल तर कर्नलच्या गिट इतिहासात तो बदल शोधा.

सरावासाठी 'गेटपीआयडी'चं पान उघडा. जीलिबसीच्या २.३.४ ते २.२४ या आवृत्त्यांत प्रोसेसचा क्रमांक साठवून ठेवत होते, असं तिथे सापडेल. ती पद्धत का सोडली, ते मात्र तुम्हीच शोधा.