वसईचा तह आणि देवीची लस

वसईचा तह इ. स. १८०२ च्या डिसेंबरच्या ३१ तारखेस झाला, हें सर्वश्रुतच आहे. त्याच सालीं ता. १४ जून रोजीं मुंबईस अ‍ॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस गाईच्या देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानांतील ही पहिली. बगदाद-बसऱ्याच्या वाटेनें आलेली ही लस पुढें पुणें, सुरत, हैदराबाद येथें गेली.

म्हणून त्या तारखेपूर्वींच्या कागदांत ‘देवी टोचणें’ आढळल्यास ती लस समजूं नये. तो खऱ्या देवीचाच पू होय, आणि त्यानें क्वचित् मृत्यूही येई. नंतरच्या कागदांचा निर्णय कठीण, कारण दोन्ही रीती पुष्कळ काळ शेजारीं नांदल्या.

लस एका मुलाच्या दंडांतून दुसऱ्याच्या दंडांत जाई. परक्याच्या अंगचें द्रव्य आपल्या निरोगी लेकरास द्यावें काय, हा आईबापांचा पेंच आम्हांस निव्वळ अडाणीपणाचा वाटत नाहीं; उपदंशही या वाटेनें जाई. आज वसई-विरारांत फ्लूची लस घ्यावी कीं नाहीं असें मनांत घोळविणाऱ्यास ही भीति नाहीं. विषाणू पालटतो म्हणून ती दरसाल घ्यावी लागते, एवढीच कटकट.

वसईकडील दप्तरांत टोचणीचा उल्लेख कोणास सांपडल्यास नकलेंत मूळ तारीख जशीच्या तशी उतरावी.