कामावरची माणसे

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या गेल्या दीड शतकाच्या इतिहासात, श्रम करूनही ज्यांची चूल पिकावर पेटत नाही अशा कुटुंबांनी सरकारच्या मजुरीवर किती काळ राहावे, हा प्रश्न दर दुष्काळात नव्याने उपस्थित झाला आहे. आणि माझ्या मते त्याचे उत्तर माणसांच्या स्वभावात नव्हे, तर पावसात आणि पाटाच्या पाण्यात शोधले पाहिजे.

सालिना वीस इंचांच्या आसपास, तोही लहरी, पाऊस पडणारा हा मुलूख. इंग्रजी अंमलातील पहिल्या जमाबंदीचा भार रयतेस इतका असह्य झाला की गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांना 1836 साली इंदापूर तालुक्यातच नव्या पाहणीचा आरंभ करावा लागला. पुढे 1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्धचा दंगा पेटला, आणि त्या क्षोभाची धग निवते न निवते तोच 1876 चा पाऊस फिरला.

त्या दुष्काळात कष्टकऱ्यांना काम देण्याच्या हेतूने ज्या बांधकामांना प्रारंभ झाला, त्यांत नीरेच्या डाव्या कालव्याचे काम होते. 1877 च्या जानेवारीत हिंदुस्थान सरकारने पाठविलेल्या सर रिचर्ड टेम्पल यांच्या आग्रहाने मजुरीचे मान उतरविण्यात आले: एक रत्तल धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढ्यावर पुरुषाने दिवसभर राबावे, असे ठरले. मजुरी अपुरी ठेवली म्हणजे ज्यांना खरोखर गरज नाही ते आपोआप निघून जातील, हे त्यामागचे तत्त्व होते. पुणे जिल्ह्यातील हजारो माणसांनी उपाशी पोटी काम सोडले, आणि सरकारी तिजोरीची काटकसर रयतेच्या हाडांवर केली जात आहे हे पुण्याच्या सार्वजनिक सभेने तपशीलवार वृत्तांतांतून उजेडात आणले. भुकेल्या माणसाची सचोटी आणखी उपासाने पारखणाऱ्या त्या धोरणाचे समर्थन मला कोणत्याही अर्थशास्त्राने पटण्यासारखे नाही.

कालवा 1885 च्या सुमारास वाहू लागला, भाटघरच्या धरणाने त्याला आधार दिला, आणि त्याच्या काठच्या रानांत ऊस उभा राहिला. पाटाचे पाणी ज्यांच्या शिवारात आले त्यांना पुढे खडी फोडण्यास जाण्याची पाळी क्वचितच आली. मात्र बारामती तालुक्यातीलच सुपे-मोरगावकडच्या जिरायत गावांना अवर्षणाच्या प्रत्येक सालात दुष्काळी कामांची वाट धरावी लागली. मदतीवरचे अवलंबन वंशपरंपरेने येते म्हणणाऱ्यांनी या दोन पट्ट्यांतील भेद अवश्य पाहावा: रयत एकच, भाकरी एकच, अंतर काय ते पाण्याचे.

1972 चा दुष्काळ येथील लोकांच्या स्मृतीत अद्याप तांबड्या मिलोच्या भाकरीने आणि मुलांना वाटलेल्या सुकडीने जिवंत आहे. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर जवळजवळ पन्नास लाख माणसे कामावर होती. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते या कामांवर मुकादमाच्या मस्टरवर कुटुंबेच्या कुटुंबे नोंदली गेली. पाऊस स्थिरावताच ही गर्दी झपाट्याने ओसरली, कारण ज्याला पेरणीस वाफसा मिळाला, तो टोपली-फावडे टाकून आपल्या रानाकडे वळला. त्याला हाकलून लावण्याची गरज कोणालाही पडली नाही.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमी योजनेस 1977 च्या अधिनियमाने कायद्याचे बळ दिले, आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला. मागेल त्यास पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता, आणि खर्चासाठी शहरी पगारदारांवर व्यवसायकर, अशी त्याची घडण होती. टेम्पल यांच्या वेळी दया म्हणून, तीही संशयाने, दिली जाणारी मजुरी आता मजुराच्या हक्काची झाली, आणि कामाच्या मुदतीवर वर्षाची मर्यादा घातली गेली नाही. 2005 च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक कुटुंबास सालिना 100 दिवसांची हमी दिली. त्यापुढच्या दिवसांचा भार महाराष्ट्राने आपल्या तिजोरीवर घेतला.