'प्रभाव पडला' म्हणजे नक्की काय? मेटॅलिकाच्या दुसऱ्या अल्बमची गोष्ट

संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना "अमुकचा तमुकवर प्रभाव पडला" हे वाक्य आपण सहज टाकून देतो. मग गाइड विचारतात, "कशावरून?" आज हाच प्रश्न एका अल्बमला विचारून बघू.

अमेरिकेतल्या मेटॅलिका या बँडचा पहिला अल्बम 'किल एम ऑल' १९८३ साली आला. संगीत थ्रॅश मेटल, म्हणजे ब्रिटिश हेवी मेटलचे रिफ आणि हार्डकोर पंकचा वेग. जुलै १९८४ मध्ये दुसरा आला, 'राइड द लाइटनिंग'. वेग होताच, पण आता चालींत गोडवाही आला होता. पहिलंच गाणं शांत अकूस्टिक गिटारने सुरू होतं आणि मग एकदम अंगावर येतं. 'फेड टू ब्लॅक' तर बराच वेळ संथच चालतं. वर्षभरात हे आलं कुठून?

नेहमीचं उत्तर: बेसवादक क्लिफ बर्टन. तो संगीताची थिअरी शिकला होता, बाख त्याचा आवडता. पण आवड म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा श्रेयनामावलीत आहे. पहिल्या अल्बमच्या १० रचनांपैकी फक्त एकीवर बर्टनचं नाव आहे, दुसऱ्यात ८ पैकी ६ रचनांवर.

झालं सिद्ध? थांबा. याच काळात दुसरा चलही बदललाय. एप्रिल १९८३ मध्ये जो सॅट्रियानीचा शिष्य कर्क हॅमेट बँडमध्ये आला. त्याचं रचनाकार म्हणून नाव पहिल्या अल्बमवर एकदाही नाही, दुसऱ्यावर चार वेळा आहे. म्हणजे सगळं श्रेय बर्टनच्या खात्यात टाकता येत नाही.

आणि ज्याच्या जागी हॅमेट आला, तो डेव्ह मस्टेन? त्याला बँडमधून काढलं होतं, तरी या अल्बमच्या दोन रचनांवर त्याचं नाव आहे. त्यातली एक 'द कॉल ऑफ क्टुलू'. पुढे मस्टेनच्या मेगाडेथ बँडचं 'हँगर १८' १९९० च्या अल्बममध्ये आलं, त्यातही तशीच स्वरसंगतींची मालिका ऐकू येते. नुसतं ऐकणारा म्हणेल, "चोरली!" नामावली वाचणाऱ्याला कळतं की दोन्हीकडे माणूस तोच आहे.

याउलट डायमंड हेड या ब्रिटिश बँडचा प्रभाव बघा. साम्य आहे. संपर्कही आहे, कारण ड्रमर लार्स उलरिक १९८१ मध्ये त्यांना ऐकायला थेट इंग्लंडला गेला होता. आणि कबुलीसुद्धा आहे: १९८४ च्या 'क्रीपिंग डेथ' या सिंगलच्या मागच्या बाजूला मेटॅलिकाने त्यांचंच 'ॲम आय ईव्हिल?' वाजवलंय. इथे "प्रभाव पडला" असं बिनधास्त लिहा.

बाखबद्दल मात्र जपून. बर्टनचं नाव नामावलीत दिसतं, पण कुठला स्वर बाखकडून आला हे ती सांगत नाही.

तेव्हा लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना तीन प्रश्न विचारा. साम्य आहे का? संपर्क होता का? कबुली किंवा नोंद आहे का? जेवढी उत्तरं मिळतील, तेवढंच क्रियापद वापरा. फक्त साम्य असेल तर "साम्य दिसतं" एवढंच. आणि कुठल्याही शोधनिबंधाची लेखकांची यादी नीट वाचा. लॅब सोडून गेलेल्या माणसाचं काम कधी कधी तिथेच, शेवटच्या नावात उरलेलं असतं.